हार्डवेअर व्हिडिओ सिंथ कुठनं सुरू करू? मिडीवरनं चालवायचाय (कोल्हापूर)

पेठेतला_सिंथ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठ. घरातच इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतोय बरीच वर्षं, एक मोनोसिंथ (एकावेळी एकच सूर वाजवणारा सिंथ) आहे, एक ड्रम मशीन आहे जी मिडी क्लॉक, म्हणजे तालाचे पल्स, पाठवते, आणि कोर्गचा नॅनोकंट्रोल टू, म्हणजे नॉब-फेडरची पट्टी, आहे ज्याचे फेडर सध्या नुसते धूळ खात पडलेत. आता दोस्त लोकांनी दसरा चौकात शाहू स्मारकला एक छोटा कार्यक्रम ठरवलाय, मी वाजवणार आणि मागं पडद्यावर काहीतरी चालू पायजे असं सगळ्यांचं म्हणणं. गणपतीत एलईडी वॉलवर जे तेच तेच लूप फिरत असतात तसलं नकोय, आणि स्टेजवर लॅपटॉप पण नकोय. मला व्हिडिओ सिंथ, म्हणजे चित्र तयार करणारा डबा, हवाय, नॉब फिरवला की चित्र वितळालंय, किकवर रंग फुटालेत, असलं.

यूट्यूबवर बघून बघून डोकं चक्रावलंय. एकजण म्हणतो मोड्युलर (सुटे भाग वायरींनी जोडायचा सिंथ) घे, एकजण म्हणतो जुना मिक्सर घे, एकजण म्हणतो रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) घे आणि गप बस. मोड्युलरच्या किमती बघितल्या, त्यात बुलेट येईल सेकंडहँड, आणि वर कस्टम ड्युटी वेगळी. माझं बजेट पंचवीस ते तीस हजार, त्यात प्रोजेक्टर धरलेला नाही, तो हॉलचा आहे.

विचारायचं हे की पहिली वस्तू कुठली घ्यावी, बाहेरनं मागवलं तर पाल-एनटीएससीची (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) भानगड होते का, नॅनोकंट्रोल सरळ त्या डब्याला लागतो का मधी काही लागतं, आणि मोनोसिंथचा आवाजच व्हिडिओत घुसवला तर काय दिसतं? सोल्डरिंग येतंय मला, प्रोग्रॅमिंग जेमतेम.

धुरळा_फीडबॅक

वेलकम भावा, कोल्हापुरातनं या नादाला लागलेलं कुणीतरी दिसलं, बरं वाटलं.

पहिलं एक डोक्यात फिट्ट बसव, मिडीतनं व्हिडिओ जात नाही. मिडी म्हणजे नुसता निरोप, कुठली की दाबली, कुठला नॉब किती फिरला, बस. चित्र जे तयार होतंय ते डब्याच्या आत, त्यामुळं "मिडीवर चालणारा व्हिडिओ सिंथ" शोधताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे, चित्र कशातनं तयार होतंय आणि निरोप घ्यायला त्याला कान कुठले आहेत. हे दोन्ही एकत्र कालवलं की माणूस चुकीची वस्तू घेऊन बसतो.

चित्र तयार करणारे ढोबळमानाने तीन जातीचे. एक म्हणजे खरा अ‍ॅनालॉग, एलझेडएक्सचे मोड्युल असतात तो प्रकार, युरोरॅकमध्येच (मोड्युल बसवायची चौकट) बसतात पण ऑडिओवाले मोड्युल पाच-पाच व्होल्ट खालीवर खेळतात आणि एलझेडएक्सवाले शून्य ते एक व्होल्टमध्ये. त्यांचा व्हिडिऑट म्हणून एक सुटा डबा यायचा, कॅमेरा लावा, वायरी खोचा, चालू, पण आता नवीन मिळत नाही आणि सेकंडहँडवाले सोन्याच्या भावाने विकतात. आणि त्याला मिडी समजतच नाही, व्होल्टेज समजतं. म्हणजे मिडीचं व्होल्टेज करणारा डबा वेगळा घेणं आलं.

दुसरी जात म्हणजे वरनं सिंथ पण आत छोटा कॉम्प्युटर. क्रिटर अँड गिटारीचा आयझी, स्लीपी सर्किट्सचा हिप्नो. हे दोन्ही मिडी घेतात, एचडीएमआय देतात, आवाज न करता काम करतात. आयझीत प्रत्येक चित्र म्हणजे पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, ऑडिओ दिला की त्यावर नाचतो, आणि तो प्रोग्रॅम आपल्याला उघडून बदलता येतो. हिप्नो जास्त "सिंथ" वाटतो, दोन आकार एकमेकांत मिसळायचे, वर फीडबॅक चढवायचा. तुझ्या बजेटात ड्युटीसकट यातलं काही बसेल असं मला वाटत नाही, पण कुणी परदेशातनं येताना आणत असेल तर बघ.

तिसरी जात जुने व्हिडिओ मिक्सर. त्यावर एव्ही काका बोलतीलच, त्यांचा विषय आहे तो, मी तोंड घालत नाही.

आणि चौथी जात जी मी खरं तर पहिली सांगायला पाहिजे होती, कारण फुकट आहे. कॅमेरा टीव्हीकडे तोंड करून उभा करायचा आणि कॅमेऱ्याचं आउटपुट त्याच टीव्हीला द्यायचं. झालं फीडबॅक. कॅमेरा थोडा तिरका केला की चित्र गरागरा फिरायला लागतं, झूम आत केला की फुटतं, बाहेर केला की बोगदा. ऑटो फोकस, ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद करायचं, नाहीतर कॅमेरा आपला आपणच शहाणपणा करतो आणि चित्र स्थिर व्हायला लागलं की उजेड कमी-जास्त करून घालवतो. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेव. हे एक आठवडाभर खेळ आणि मग पैसे खर्च कर, कारण महागातल्या महाग डब्यातसुद्धा निम्मी मजा फीडबॅकचीच आहे, फक्त नॉबवर आणलेली.

ही सगळी लाइन १९७० च्या आसपासची आहे. नाम जून पाईक आणि शुया आबे यांनी तेव्हा त्यांचा सिंथेसायझर बांधला, आणि शिकागोत डॅन सँडिन यांनी १९७१ पासून इमेज प्रोसेसर बांधला, त्याचे नकाशे मागेल त्याला देऊन टाकले की घ्या आणि बांधा. आपल्याला हे नवीन नको वाटायला, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला होता, आपण तर नुसते नॉब जोडतोय.

एव्ही_काका

धुरळ्याने माझं नाव घेतलं म्हणून लिहितो. मी लग्नाच्या शूटिंगचा धंदा केला, व्हीएचएसच्या काळापासून, तेव्हा माझ्याकडे पॅनासॉनिकचा एमएक्स ५० होता आणि अजून आहे. पोरं आता तो मागायला येतात, तेव्हा मला गंमत वाटते.

पाल-एनटीएससीचं नीट समजून घे, इथंच निम्मी माणसं अडकतात. आपल्याकडे पाल. एका फ्रेममध्ये ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड (अर्ध्या-अर्ध्या फ्रेम). अमेरिकेतनं आलेला डबा एनटीएससी असू शकतो, ५२५ ओळी आणि तीसला जरा कमी फ्रेम. टीव्ही आणि प्रोजेक्टर हल्ली बहुतेक दोन्ही दाखवतात, तिथे भांडण नाही. भांडण मिक्सरमध्ये होतं. दोन सोर्स एकत्र कालवायचे तर दोन्ही एकाच जातीचे पाहिजेत. एक पाल एक एनटीएससी चालणार नाही, कितीही पाया पड. त्यामुळे पहिली वस्तू घेतानाच ठरव की घरात सगळं पाल राहणार, आणि विकत घेण्याआधी विकणाऱ्याला स्पष्ट विचार, पालवर चालतो का, स्विच आहे का. "चालेल हो" असं उत्तर आलं तर फोटो मागव.

आता सिंक. कंपोझिट व्हिडिओ म्हणजे एक व्होल्टचा सिग्नल, त्यातला खालचा तीन दशांश भाग चित्र नाहीच, तो टीव्हीला ओळ कुठे सुरू झाली हे सांगण्यासाठी, आणि वरचा सात दशांश चित्र. दोन कॅमेरे आपापल्या घड्याळाने चालतात, एकाची ओळ सुरू होते तेव्हा दुसऱ्याची अर्ध्यात असते. एमएक्स ५० सारखे मिक्सर आत चित्र साठवून घेऊन दोघांना एका तालावर आणतात, म्हणून कुठलेही दोन सोर्स टाका, सरळ मिसळतात. स्वस्तातल्या स्विचमध्ये ही सोय नसते, तिथे बटण दाबलं की चित्र उडी मारतं. तेव्हा जुना मिक्सर बघायला गेलास की दोन वेगवेगळे सोर्स लावून मधला फेडर हळूहळू सरकव. चित्र सरळ मिसळलं तर आत सोय आहे आणि चालू आहे.

पण तुला मिडी पाहिजे. एमएक्स ५० ला मिडी नाही. लग्नवाल्यांच्या बहुतेक मिक्सरना नाही, आम्हाला कशाला लागत होतं. तुला शोधायचा आहे तो एडिरोल व्ही-४, म्हणजे रोलंडचाच. चार इनपुट, सिंक जुळवून घेतो, ल्युमा की, क्रोमा की (उजेड किंवा रंग बघून चित्राचा तेवढा भाग कापून तिथे दुसरं चित्र दाखवायची सोय), आणि मागे चक्क पाच पिनांचं मिडी इन. व्हीजे, म्हणजे गाण्यामागे व्हिडिओ चालवणाऱ्या, लोकांनी जगभर तो झिजवला. त्याचं आउटपुट त्याच्याच एका इनपुटला परत लावलं आणि की चालू केली की तुझं वितळणारं चित्र तयार, आणि ते मिडीवरनं हलतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या इव्हेंटवाल्यांकडे पडून असतात, ओएलएक्सवर नावाने नाही सापडत, "व्हिडिओ मिक्सर रोलंड" असं काहीबाही लिहिलेलं असतं.

टीव्हीचं. तुझ्या पेठेतल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे एखादा जुना डब्बा टीव्ही नक्की पडून असेल, छोटा, चौदा इंची, एव्ही इनपुट असलेला. तो घे. एलईडी टीव्हीला सिंक जरा वाकडा दिसला की निळा पडदा टाकून मोकळा होतो, डब्बा टीव्ही बिचारा शेवटपर्यंत प्रयत्न करतो, आणि ते प्रयत्न करतानाचं चित्रच लोकांना आवडतं. स्टेजला मग त्या टीव्हीवर कॅमेरा लावून प्रोजेक्टरला द्यायचं. फक्त एक, मागचं झाकण उघडायचं नाही. सोल्डरिंग येत असलं तरी नाही. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात.

रेंडर_झालं_का

मला एक कळत नाही, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा टचडिझायनर नाहीतर रेझोल्यूम असलं व्हिडिओचं सॉफ्टवेअर टाका ना लॅपटॉपवर, नॅनोकंट्रोल लावा, मिडी मॅप करा, अर्ध्या तासात काम. फुल एचडी मिळेल. काकांचा कंपोझिट सिग्नल प्रोजेक्टरवर मोठा केला की पोह्यासारखा दिसतो.

पेठेतला_सिंथ

@रेंडर दादा, खरंय तुमचं, पण दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघतोय, परत रात्री गाणं वाजवताना माऊस नको वाटतो. आणि पोह्यासारखंच पायजे मला, एचडी नकोय.

@काका तुमचं वाचून एकदम डोक्यात उजेड पडला, कॅमेरा-टीव्ही करून बघितलं काल रात्री, आई म्हणाली टीव्ही बिघडवलास काय. आता मिडीचं कुणीतरी सांगा, नॅनोकंट्रोलची यूएसबी वायर आहे आणि व्ही-४ ला गोल पाच पिन, हे कसं जुळवायचं? आणि ते व्होल्टेजवालं प्रकरण पण जरा समजावा, पुढंमागं एलझेडएक्सचं काही हाताला लागलं तर.

उद्यमनगरचा_सोल्डर

मी सांगतो, जरा लांबण लागंल, च्या घेऊन बस.

यूएसबीचं आधी. यूएसबीत एक मालक असतोय आणि एक गडी. नॅनोकंट्रोल गडी हाय. मालक म्हंजे कॉम्प्युटर, न्हाईतर पाय, न्हाईतर यूएसबी मिडी होस्ट म्हणून जो छोटा डबा मिळतोय तो. दोन गडी एकमेकांना लावलं तर काहीच हुत न्हाई, दोघं बी वाट बघत बसत्यात. आणि नॅनोकंट्रोल टू ला यूएसबी सोडून दुसरं मिडी तोंडच न्हाई, त्यामुळं व्ही-४ ला लावायचा तर मधी होस्ट पायजेच. घेताना नीट वाच, नुसती "यूएसबी मिडी केबल" म्हणून जी स्वस्तात मिळतीय ती उलटी, ती कॉम्प्युटरला लावायची असती, ती बी गडीच. ह्यात लई जणांचं पैसं पाण्यात गेल्यात.

आणि मिडीचं तिसरं तोंड हल्ली हेडफोनच्या जॅकसारखं असतंय, साडेतीन एमएम. त्यात टाइप ए आणि टाइप बी असं दोन प्रकार, आतल्या दोन वायरी उलट्या. २०१८ ला टाइप ए ठरला स्टँडर्ड म्हणून, पण त्याच्या आधीचं नोव्हेशन, आर्टुरियाचं सामान टाइप बी असतंय. कोर्ग ए. जळत बिळत काय न्हाई, नुसतं गप बसतंय, मग माणूस उगंच डबा खराब म्हणून परत पाठवतोय.

आता मिडी किती फास्ट हाय ते बघ, म्हंजे त्याच्याकडनं काय अपेक्षा करायची ते कळंल. गोल पिनवालं मिडी सेकंदाला ३१,२५० बिट. एका नॉबचा एक निरोप म्हंजे तीन बाइट, स्टार्ट-स्टॉप धरून तीस बिट, त्याला ०.९६ मिलिसेकंद लागत्यात. आता पालची एक ओळ ६४ मायक्रोसेकंद. भागाकार कर, बरोब्बर १५ ओळी. म्हंजे तू नॉब हलवलास तो निरोप पोचंस्तोवर टीव्हीनं १५ ओळी काढून ठेवल्यात. एका फील्डमध्ये, म्हंजे २० मिलिसेकंदात, वीसेक निरोप मावत्यात. आठ फेडर एकदम रेटलंस तरी हरकत न्हाई, पण चित्राच्या आतली नक्षी मिडीनं काढायची म्हणशील तर जमायचं न्हाई. नक्षी डब्यातल्या ऑसिलेटरनं (लाटा काढणाऱ्या सर्किटनं) काढायची, मिडीनं नुसता त्या ऑसिलेटरचा कान पिळायचा.

ह्यातच तुझ्या मोनोसिंथचं उत्तर हाय. पालमध्ये फील्ड ५० हर्ट्झ आणि ओळी १५,६२५ हर्ट्झ. तू ५०० हर्ट्झचा सूर चित्राच्या उजेडावर टाकलास तर एका फील्डमध्ये तो दहा वेळा खालवर हुतोय, म्हंजे पडद्यावर दहा आडवे पट्टे, वरचा एखादा ब्लँकिंगमध्ये, म्हंजे न दिसणाऱ्या ओळीत, जाईल ते सोड. सूर बरोब्बर ५० च्या पटीत असंल तर पट्टे गप उभं, जरा वरखाली झाला की वर न्हाईतर खाली सरकालेत. पण उभे पट्टे पायजेत तर १५,६२५ च्या पटीत जावं लागतंय, दहा उभे पट्टे म्हंजे दीड लाख हर्ट्झच्या वर, तिथं तुझा मोनोसिंथ पोचत न्हाई. म्हणून ऑडिओ सिंथ व्हिडिओत घातला की सगळीकडं आडवं पट्टंच दिसत्यात, लोकांना वाटतंय एवढंच येतंय काय. आणि सरळ मिक्सरच्या व्हिडिओ इनपुटला आवाज देऊ नको, त्यात सिंकच न्हाई, मिक्सर ओळखायचाच न्हाई त्याला. एलझेडएक्ससारख्यात शेवटी एन्कोडर असतोय जो सिंक चिकटवून बाहेर सोडतोय, तिथं आत घालायचा.

ताल जुळवायचं म्हणालास. मिडी क्लॉक एका ठोक्याला २४ पल्स देतंय. १२५ बीपीएमला २४ गुणिले १२५ भागिले ६०, बरोब्बर ५०. म्हंजे १२५ च्या टेम्पोला पालच्या दर फील्डला एक क्लॉक पल्स. योगायोगच हाय, आणि दोन घड्याळं वेगळी असल्यामुळं हळूहळू सरकतंयच, पण १२५ वर ठेवून बघ, फ्लॅश एकदम किकवर बसल्यागत वाटतोय. १२० ला ४८ हुतंय, मग दर सेकंदाला दोनदा जरा अडखळल्यागत दिसतंय, ते बी काही वेळा भारी दिसतंय म्हणा.

आता व्होल्टेज. एलझेडएक्सचं सामान हाताला लागलं तर युरोरॅकचा मिडी-टू-सीव्ही (मिडीचं व्होल्टेज करणारा) घेऊ शकतोस, पण तो पाच व्होल्टपर्यंत देतोय आणि आपल्याला एक व्होल्ट पायजे. न्हाईतर नॉब पाचव्या भागातच संपतोय आणि पुढं सगळं पांढरंफेक. वर ३.९ के, खाली १ के, असं दोन रेझिस्टन्स लाव, पाचाचं एकच्या आसपास येतंय. घरी बनवायचं असंल तर अर्डुइनो आणि एमसीपी ४७२८ म्हणून चार चॅनेलचा डॅक, म्हंजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप, हाय, १२ बिट. एमसीपी ४७२५ त्याच्यापेक्षा स्वस्त मिळतंय पण ते पॉवर सप्लायलाच रेफरन्स मानतंय, म्हंजे यूएसबी चार्जरचा सगळा कचरा तुझ्या चित्रात. ४७२८ मध्ये आतच २.०४८ व्होल्टचा रेफरन्स हाय, तो चालू करायचा आणि दोन सारखे रेझिस्टन्स लावून निम्मं करायचं, १.०२ व्होल्ट, एकदम फिट्ट. अर्डुइनोच्या मिडी इनपुटला ६एन१३८ ऑप्टो, म्हंजे वायर न जोडता उजेडानं निरोप पोचवणारी चिप, घालायचाच. तो न घालता सरळ वायर जोडली तर ऑडिओची आणि व्हिडिओची ग्राउंड एक हुतीय आणि पडद्यावर एक आडवा पट्टा हळूहळू वर चढत राहतोय. आपली वीज ५० हर्ट्झ, पाल ५० हर्ट्झ, म्हणून तो पट्टा पळत बी न्हाई, नुसता रेंगाळतोय.

राहता राहिलं पायऱ्यांचं. मिडी नॉबला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. रंगाला चालतंय, पण आकार सरकवायला लावलास तर चित्र टप्प्याटप्प्यानं उड्या मारालंय असं दिसतंय. डॅकच्या पुढं १० के आणि १० मायक्रोफॅरॅड लाव, एक दशांश सेकंदाचा लाडिक उशीर येतोय आणि पायऱ्या गायब. किकवर फ्लॅश पायजे त्या चॅनेलला मात्र हे लावू नको, तिथं कडक पायजे.

पॅनल बिनल पायजे असंल तर उद्यमनगरात लेझर कटिंगवाल्याकडं ड्रॉइंग घेऊन जा, ॲल्युमिनियमचा तुकडा शिल्लक असतोय त्यांच्याकडं.

धुरळा_फीडबॅक

सोल्डर भाऊ, ते १५ ओळींचं गणित कधी डोक्यातच आलं नव्हतं, नाद खुळा.

पेठेतल्या, तुझ्या मोनोसिंथसाठी एक वेगळी वाट सांगतो, ज्यात सिंक नाही, पाल नाही, एन्कोडर नाही. जुना अ‍ॅनालॉग सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबा डिजिटल झाल्या तेव्हा हे भंगारात निघाले, अजून मिळतात. त्याला एक्स-वाय मोडवर टाक, डावा चॅनेल एक्सला, उजवा वायला. दोन सूर दिले की तेच चित्र. एकाला सा आणि दुसऱ्याला वरचा पंचम दिलास, म्हणजे दोनास तीन, तर एक वेटोळ्यांची सुंदर आकृती येते. आणि कीबोर्डवरचा पंचम शुद्ध नसतो, दीडपटीपेक्षा किंचित उतरलेला असतो, २२० च्या सा ला तो ३३० ऐवजी ३२९.६ देतो, त्यामुळे आकृती एका जागी न थांबता सावकाश फिरत राहते. तानपुरा जुळवणाऱ्याला कानाने कळतं ते इथं डोळ्याने दिसतं. मिडी नोट बदलली की आकृती बदलली, वेगळं मॅपिंग करायला नको. समोर कॅमेरा, कॅमेरा मिक्सरला. दुसरा ऑसिलेटर लागेल एवढंच, तुझ्या मोनोसिंथला दोन असून उपयोग नाही, ते आत एकत्र होऊन बाहेर येतात, म्हणून दोस्ताचा सिंथ मागून आण.

सीआरओचा उजेड फुल करून एकच ठिपका पडद्यावर उभा ठेवू नको, फॉस्फर जळून कायमचा डाग पडतो. आवाज बंद करण्याआधी उजेड कमी करायचा.

रेंडर_झालं_का

सीआरओचं मात्र मान्य, ते लॅपटॉपवर तसं दिसत नाही. ती रेषेची चमक येतच नाही. बाकी माझं मत तेच.

पेठेतला_सिंथ

मग आता असं ठरवालोय, व्ही-४ शोधतो, तोवर माझ्याकडं एक रास्पबेरी पाय ४ पडून आहे त्यावर काहीतरी करतो. वेव्ह पूल म्हणून आंद्रेई जे यांचा व्हिडिओ फीडबॅकचा प्रोग्रॅम सापडला, तो नॅनोकंट्रोल टू लाच धरून लिहिलाय म्हणे, म्हणजे माझे धूळ खाणारे फेडर कामाला लागतील आणि होस्टचा प्रश्न पण मिटला, पाय स्वतःच मालक. पण पायच्या गोल जॅकमधनं टीव्हीला लावलं तर चित्र येईना, पिवळी पिन पिवळ्यात लावलीय.

उद्यमनगरचा_सोल्डर

लाल लावून बघ पिवळ्यात. कॅमकॉर्डरची जुनी केबल असंल तुझी. पायमध्ये टोकापासनं डावा, उजवा, ग्राउंड आणि शेवटी व्हिडिओ असा क्रम हाय, बऱ्याच केबलमध्ये उजवा आणि व्हिडिओची अदलाबदल असती. ग्राउंडच चुकलं असंल तर मात्र पिना बदलून भागत न्हाई, दुसरी केबल घे, न्हाईतर जॅक कापून स्वतः सोल्डर मार. आणि पाय ४ ला टीव्ही आउटपुट आधी कॉन्फिग फाइलमध्ये चालू करावं लागतंय, आपोआप येत न्हाई. जुन्या इमेजवर तिथंच एसडीटीव्ही मोड असतंय, शून्य म्हंजे एनटीएससी, ते दोन कर म्हंजे पाल. न्हाईतर पुढं काकांच्या मिक्सरला लावलास की काका वराडतील.

पेठेतला_सिंथ

लाल पिवळ्यात लावली आणि आलं चित्र! पण काळं-पांढरंच दिसालंय.

एव्ही_काका

मोड अजून एनटीएससीच असेल. डब्बा टीव्ही पालचा असला की एनटीएससी बऱ्याचदा काळा-पांढरा दाखवतो, उजेड समजतो, रंग समजत नाही. सोल्डरने सांगितलेला आकडा बदल, रंग येईल. आला की पाय आणि नॅनोकंट्रोल घेऊन ये माझ्याकडे, एमएक्स ५० ला लावून बघू, एका बाजूला तुझा पाय, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, आणि मधला फेडर हाताने. मिडी नसलं तरी कार्यक्रमापुरतं काम होऊन जाईल, व्ही-४ सावकाश मिळू दे. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही संध्याकाळी सहानंतर. कुठं ते पर्सनल मेसेजमध्ये सांगतो. आणि दोन-तीन जास्तीच्या आरसीए केबली घेऊन ये, माझ्या सगळ्या पोरांनी नेल्यात.